बंदुकीचा जन्म आणि बंदुकीची वाट

कैरोचा बाजार. गर्दी दुभंगते आणि काळ्या कपड्यांतला एक धिप्पाड माणूस पुढे येतो. भली मोठी तलवार या हातातून त्या हातात फिरवत तो समोरच्याला लढाईला बोलावतो. समोर घामाने निथळलेला इंडियाना जोन्स उभा आहे. तो क्षणभर बघतो, त्रासून कमरेचं रिव्हॉल्व्हर काढतो आणि एक गोळी झाडतो. लढाई संपते.

'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मधला हा प्रसंग जगभरच्या प्रेक्षकांना पाठ आहे. कैरो म्हणून दिसणारा तो बाजार खरा ट्युनिशियातला. पटकथेत तिथे चाबूक विरुद्ध तलवार अशी लांबलचक झुंज होती, पण हॅरिसन फोर्डला जुलाबांनी हैराण केलं होतं, त्यामुळे सगळी झुंज एका गोळीत आटोपली. ही हकिगत बहुतेक चित्रपटप्रेमींना ठाऊक असते. या प्रकरणात आपल्याला पाहायचं आहे ते त्या नायकाच्या हातातलं रिव्हॉल्व्हर. कथा घडते १९३६ मध्ये. त्या वर्षी, त्या शहरात, एका अमेरिकी पुरातत्त्वज्ञाच्या कमरेला नेमकं कोणतं हत्यार असेल, हे ठरवायचं कसं?

साहसपटासाठी पिस्तूल निवडणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'हे तेव्हा होतं का?' याचं उत्तर कोणत्याही चांगल्या संदर्भग्रंथात सापडतं. दुसरा प्रश्न जास्त अवघड आणि जास्त महत्त्वाचा आहे, 'हे या माणसाच्या हातात आलं कसं?' पहिला प्रश्न बंदुकीच्या जन्माचा, दुसरा तिच्या वाटेचा. ज्या चित्रपटांना दोन्ही उत्तरं सापडतात, त्यांतल्या नायकाचा भूतकाळ त्याने तोंड उघडण्याआधीच आपल्याला कळू लागतो.

रिव्हॉल्व्हर जवळून पाहताना

जोन्सच्या हातातलं ते रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं आहे. लंडनच्या 'बॅप्टी' या चित्रपटांना शस्त्रं पुरवणाऱ्या जुन्या संस्थेकडून ते आलं. मॉडेलचं नाव 'हँड इजेक्टर', दुसरी आवृत्ती. सहा घरांचं चक्र डाव्या बाजूला बाहेर झुलतं, मग पुढची दांडी हाताने मागे दाबायची की रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. हाताने काढायची म्हणून हे नाव. मूळची लांब नळी कापून चार इंचांवर आणलेली आहे, आणि नळी कापली की टोकावरची नेमाची माशीही जाते, म्हणून ती पुन्हा बसवलेली आहे. आखूड नळीमुळे रिव्हॉल्व्हर म्यानातून झटकन निघतं. एवढ्या एका बदलातून हा माणूस कवायतीच्या मैदानावरचा नाही, त्याला हत्यार घाईत लागतं, हे दिसतं.

ते .४५५ इंचाचं आहे, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या काडतुसाचं. अमेरिकी कंपनीचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश काडतुसासाठी का? पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनला एवढ्या रिव्हॉल्व्हरांची गरज पडली की बर्मिंगहॅमच्या वेब्ली या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीला मागणी पुरी करता येईना. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे मागणी नोंदवली आणि स्मिथ अँड वेसनने या काडतुसाची सत्तर हजारांच्या आसपास रिव्हॉल्व्हरं बनवून दिली. १९१७ मध्ये अमेरिका स्वतः युद्धात उतरली, तेव्हा तिच्याही सैन्याला पिस्तुलं कमी पडू लागली. मग याच सांगाड्यावर अमेरिकी .४५ काडतुसाचं 'मॉडेल १९१७' तयार झालं. त्या काडतुसाला मागे कडा नव्हती, त्यामुळे ते चक्रात नीट अडकत नसे. त्यावर अर्धचंद्राकृती पातळ पत्र्याची एक चकती निघाली. एका चकतीत तीन काडतुसं बसवायची आणि दोन चकत्या टाकल्या की सहा घरं भरली.

युद्ध संपल्यावर ही हत्यारं जगभर पसरली. काही सैनिकांनी ती घरी नेली, काही दुकानांत स्वस्तात विकली गेली. म्हणजे १९३६ मध्ये मध्यपूर्वेत भटकणाऱ्या चाळिशीजवळच्या माणसाकडे असं वीस वर्षं जुनं, नळी कापलेलं, पट्ट्यात घासून घासून गुळगुळीत झालेलं रिव्हॉल्व्हर असणं अगदी स्वाभाविक आहे. पुढे १९९२ मध्ये आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत तरुण जोन्स महायुद्धात बेल्जियमच्या सैन्यात लढताना दाखवला गेला. त्या हत्याराची वाट चित्रपटात आधीच आखलेली होती, मालिकेने ती कथेत आणली.

नावातलं साल

जन्माचा प्रश्न सोपा म्हटला, तरी नामवंत चित्रपट तिथेही घसरतात. आणि गंमत अशी की पुष्कळ शस्त्रांच्या नावातच त्यांचं साल असतं. जर्मन 'पी ०८' म्हणजे लुगर, सैन्यात आलं १९०८ मध्ये. 'पी ३८' म्हणजे वॉल्थर, साल १९३८. 'एमपी ४०' ही छोटी मशिनगन १९४० ची. 'रेडर्स'मधल्या जर्मनांच्या हातात पी ३८ही दिसतं आणि एमपी ४०ही. कथा मात्र १९३६ ची. आणखी दोन ते चार वर्षांनी जन्माला येणारी शस्त्रं नेपाळच्या दारूच्या गुत्त्यात गोळ्या झाडत असतात.

त्याच गुत्त्यात जोन्सच्या हातातही रिव्हॉल्व्हरऐवजी एक स्वयंचलित पिस्तूल दिसतं. ते आहे ब्राउनिंग हाय-पॉवर. जॉन ब्राउनिंग या थोर अमेरिकी संशोधकाने त्याची सुरुवात केली, पण १९२६ मध्ये बेल्जियमच्या लिएज शहरात काम करत असतानाच त्याचा मृत्यू झाला. दियुदोने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याने ते पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ते आलं. मुठीतल्या मॅगझिनमध्ये १३ गोळ्या मावतात, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. म्हणजे १९३६ च्या कथेत ते अशक्य नाही. पण सैन्यासाठी बनलेलं, बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालेलं बेल्जियन पिस्तूल हिमालयातल्या अमेरिकी प्राध्यापकाकडे कसं? जन्म जुळतो, वाट जुळत नाही. दोन्ही प्रश्न वेगवेगळे का विचारायचे, ते इथे कळतं.

कधी कधी साल नावात नसतं, अंगावर असतं. अमेरिकेचं प्रसिद्ध कोल्ट .४५ पिस्तूल, 'मॉडेल १९११', याच्याकडे बारकाईने पाहा. सैनिकांच्या तक्रारी ऐकून विसाच्या दशकात त्यात सुधारणा झाल्या आणि ते '१९११ ए१' झालं. चाप आखूड केला. चापाच्या मागे, सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना बोट नीट बसावं म्हणून चंद्रकोरीच्या आकाराची खाच घेतली. मुठीची मागची बाजू सपाट होती ती फुगीर केली. घोड्याखालची शेपूट लांब केली, कारण घोडा मागे येताना हाताची कातडी चिमटत असे. पहिल्या महायुद्धाच्या खंदकात दाखवलेल्या पिस्तुलावर ती चंद्रकोर दिसली की समजावं, सामान गोळा करणाऱ्याने नाव वाचलं पण वस्तू पाहिली नाही. पडद्यावर ती खाच हाताच्या नखाएवढीही नसते. तरीही ज्याला दिसते त्याला ती दिसतेच, आणि एकदा दिसली की खंदक खोटा वाटू लागतो.

जुनं हत्यार खोटं नसतं

नवीन हत्यार जुन्या काळात चालत नाही, जुनं मात्र नव्या काळात बिनदिक्कत चालतं. आपल्याकडे आजोबांचं कुलूप नातवाच्या दाराला असतंच की. लोखंडी वस्तू माणसाहून जास्त जगते.

'द ममी' (१९९९) ची मुख्य कथा १९२६ च्या इजिप्तमध्ये घडते. नायक रिक ओकॉनेल बगलेत दोन रिव्हॉल्व्हरं बाळगतो, ती फ्रेंच 'मॉडेल १८७३'. फ्रेंच सैन्यासाठी सेंट-एतिएनच्या शस्त्रागारात बनलेली, ११ मिलिमीटरची. म्हणजे कथेच्या वेळी ती पन्नाशी ओलांडलेली. १८९२ मध्येच सैन्याने त्यांच्या जागी नवं, लहान व्यासाचं रिव्हॉल्व्हर आणलं होतं. मग ही निवड चुकली का? उलट फार सुंदर जमली. रिक पूर्वी फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये होता, आणि आफ्रिकेच्या वाळवंटातल्या पलटणींकडे जुना माल राहणं नेहमीचंच. त्या दोन रिव्हॉल्व्हरांतून त्याची पलटण कळते, त्याने ती सोडली हे कळतं आणि नवं घ्यायला त्याच्याकडे पैसे नाहीत हेही कळतं.

एक अडचण मात्र आहे. या रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर झुलत नाही. उजवीकडचं छोटं झाकण उघडायचं, एकेक रिकामं काडतूस दांडीने ढकलून काढायचं आणि एकेक नवं भरायचं. लढाई ऐन भरात आल्यावर हे करायला वेळ कुठला? म्हणून एकाऐवजी दोन, म्हणजे बारा गोळ्या. दोन्ही हातांत दोन पिस्तुलं घेणारा नायक एरवी नुसता देखावा वाटतो, इथे त्याला कारण सापडतं.

'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड' (१९८९) ची कथा १९३८ ची, आणि तिथे जोन्सकडे वेब्लीचं जुनं 'डब्ल्यूजी' रिव्हॉल्व्हर आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या घडणीचं. हे घराणं समजून घ्यायचं तर एक ब्रिटिश रिवाज माहीत हवा. लष्करी अधिकाऱ्याला आपलं पिस्तूल पदरच्या पैशांनी घ्यावं लागे. काडतूस सरकारी मापाचं असलं की पुरे, रिव्हॉल्व्हर आवडीचं घ्या. त्यामुळे त्या काळचे अधिकारी लंडनच्या 'आर्मी अँड नेव्ही' भांडारातून चांगल्या घडणीचं वेब्ली घेत. याच संस्थेने १८९१ मध्ये मुंबईत शाखा काढली आणि काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. तिथून जाताना लक्षात येतं की साम्राज्य तोफांबरोबर अशा दुकानांवरही चालत होतं. १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत तरुण विन्स्टन चर्चिलने वापरलेलं जर्मन माउझर पिस्तूलही लंडनच्या दुकानातून स्वतः विकत घेतलेलं होतं. खांदा दुखावलेला असल्याने त्याला तलवार चालवता येत नव्हती. त्या एका पिस्तुलात दुखरा खांदा, पैसेवाल्या घराचा मुलगा आणि नव्याची हौस, तिन्ही गोष्टी आहेत. शस्त्र निवडणाऱ्याला पात्राबद्दल एवढी माहिती मिळाली तर त्याचं अर्धं काम झालं.

इंडियाना जोन्सच्याच 'टेम्पल ऑफ डूम' (१९८४) ची कथा १९३५ ची. तिथे जोन्सकडे कोल्टचं 'ऑफिशियल पोलीस' रिव्हॉल्व्हर आहे, पण शांघायच्या पळापळीत ते मोटारीच्या खिडकीतून पडतं. पुढे एका प्रसंगात त्याचा हात कमरेकडे जातो आणि म्यान रिकामं निघतं. म्हणजे भारतात येतो तो जोन्स स्वतःच्या रिव्हॉल्व्हरशिवाय. हा भारत मुळात श्रीलंकेत चित्रित झाला, कारण भारत सरकारला पटकथा मान्य नव्हती, आणि त्यातलं आपल्या देशाचं चित्र आजही बोचतं. पण नायकाचं हत्यार काढून घेतल्याने काय साधतं, हे शिकण्यासारखं आहे. म्यान रिकामं झालं की नायकाला पुन्हा हुशारीवर जगावं लागतं.

गोळी नसलेलं काडतूस

एवढी माहिती हाताशी असूनही चित्रपटात चुकीचं पिस्तूल का येतं? अनेकदा त्याचं कारण अज्ञान नसून यंत्र असतं.

रिव्हॉल्व्हर साधं असतं. चाप ओढला की चक्र फिरतं आणि घोडा पडतो. काडतुसात गोळी असो वा नुसती दारू, त्याला फरक पडत नाही. स्वयंचलित पिस्तुलाचं तसं नाही. गोळी सुटताना मागे जो धक्का बसतो, त्याच्या जोरावर वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि नवं आत घेतो. चित्रीकरणासाठी बिनगोळीचं काडतूस वापरलं की तो धक्काच उरत नाही. मग नळीचं तोंड आतून अरुंद करून वायू कोंडावा लागतो. मोठ्या तोंडाच्या .४५ पिस्तुलात हे नीट जमत नसे, नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलात जमे.

सॅम पेकिन्पाच्या 'द वाइल्ड बंच' (१९६९) मध्ये म्हणूनच एक मोठी अदलाबदल झाली. कथा १९१३ च्या मेक्सिको सीमेवरची, पात्रांच्या हातात कोल्ट १९११ असणं अगदी योग्य. पडद्यावर मात्र त्याच्या जागी स्पेनचं नऊ मिलिमीटरचं 'स्टार मॉडेल बी' आहे. बाह्य रूप जवळजवळ तेच. फरक कुठे? कोल्टच्या मुठीच्या मागे एक कळ असते, मूठ घट्ट धरल्याशिवाय ती दबत नाही आणि पिस्तूल उडत नाही. स्टारच्या मुठीला ती कळ नाही. जाणकार तिथेच बोट ठेवतात. तरी मला ही तडजोड रास्त वाटते. दिग्दर्शकाला माहीत होतं की खरं काय असायला हवं, आणि त्याच्या जवळात जवळचं त्याने घेतलं.

तडजोड जिथे मुळीच करू नये ती जागा सुरक्षेची. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायालेखिका हलिना हचिन्स यांचा जीव गेला. काळाशी इमान राखताना माणसाच्या जिवाशी खेळ होता कामा नये. रबरी प्रतिकृती आणि संगणकावर चढवलेली ज्वाळा वापरूनही १९३६ साल उभं करता येतं.

हाताचंही साल असतं

योग्य पिस्तूल मिळालं तरी ते धरणारा हात आजचा असतो. आजचा नट दोन्ही हातांनी पिस्तूल धरतो, कारण त्याला शिकवणाऱ्याने तसंच शिकवलेलं असतं. ही पद्धत रूढ होण्यात कॅलिफोर्नियाच्या जॅक वीव्हर या पोलिसाचा मोठा वाटा आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस नेमबाजीच्या स्पर्धांत त्याने ती वापरली, नेमबाजी शिकवणाऱ्या जेफ कूपरने तिचा प्रसार केला. त्याआधीचा सैनिक वा पोलीस बहुधा एका हाताने, बाजूला वळून, हात ताठ करून नेम धरी. १९२६ च्या वाळवंटात दोन्ही हातांनी मूठ आवळून गुडघे वाकवलेला नायक म्हणजे नऊवारी नेसून पायात स्पोर्ट्स शूज घातल्यासारखं आहे. चापाबाहेर सरळ ठेवलेलं बोट, हीदेखील अलीकडच्या शिकवणीची खूण. हत्याराबरोबर हाताचं साल तपासलं नाही, तर आधीची मेहनत वाया जाते.

पुणे ते नाशिक, बारा वर्षं

आता आपल्याकडे येऊ, कारण हा विषय आपल्याला फार जवळचा आहे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी त्यावर १९७९ मध्ये '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट केला. त्या रात्री चापेकरांच्या हातात ब्राउनिंगचं चपटं पिस्तूल दाखवणं अशक्य, कारण त्याचं पहिलं मॉडेल बाजारात येतं १९०० मध्ये. १८९७ ची रात्र रिव्हॉल्व्हरची आणि त्याहून जुन्या पिस्तुलांची.

बारा वर्षांनी चित्र पालटतं. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर, रंगमंचावर 'शारदा' नाटक. अठरा वर्षांच्याही आतल्या अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. या दृश्याचं सामान जमवणाऱ्याने आधी जन्म तपासावा. तोवर बेल्जियमच्या कारखान्यातून ब्राउनिंगची १९००, १९०३ आणि १९०६ ही मॉडेलं आली होती. १९१४ मध्ये सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारताना गाव्रिलो प्रिन्सिपने वापरलेलं १९१० चं मॉडेल नाशिकला नुसतं एका वर्षाने हुकतं, पण हुकतं.

मग वाट पाहावी. १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नव्हतं. अशा देशात बेल्जियन पिस्तूल आलं कसं? लंडनच्या इंडिया हाउस या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, आणि १९०९ च्या सुरुवातीला तिथले आचारी चतुर्भुज अमीन ती ट्रंकेच्या दुहेरी तळात दडवून मुंबईला घेऊन आले. बेल्जियमचा कारखाना, लंडनचं स्वयंपाकघर, समुद्रप्रवास, मुंबई बंदर आणि मग नाशिकच्या नाट्यगृहातला कान्हेरेंचा हात.

या पिस्तुलाच्या जागी कुठलं तरी रिव्हॉल्व्हर ठेवलं, तर ट्रंकेचा तो दुहेरी तळ आणि कस्टमच्या दारातून ती घेऊन आलेला आचारी, दोघंही इतिहासातून पुसले जातात. ही वाट किती बोलकी होती, हे त्या वेळच्या सरकारला पुरतं कळलं होतं. तपास करणाऱ्यांनी पिस्तुलावरून माग काढला आणि तो लंडनला जाऊन पोहोचला. मार्च १९१० मध्ये सावरकरांना तिथे अटक झाली. त्याच वर्षी १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे फासावर गेले. एका पिस्तुलाची वाट ज्यांनी आखली आणि जे तिच्यावरून चालले, त्यांनी तिची ही किंमत मोजली. पडद्यावर ते पिस्तूल दोन सेकंद दिसेल, पण त्या दोन सेकंदांत ते खरं असायलाच हवं.